बाळंतिणीचा डोह

"बस ना बे खाली. ए मास्तर, तुलेच सांगून राह्यलो. उभा काऊन राह्यला? नदी का तुया वर्गात बसली हाय?"

हा आवाज माझ्यासाठी होता. आवाज असा, की प्राणहितेच्या पलीकडं, तेलंगणाच्या काठावर चरणाऱ्या म्हशी मराठीचं एक अक्षर कळत नसताना खटकन खाली बसल्या. मी मात्र उभाच. एका खोडाचा कोरलेला डोंगा, ऐन मधली धार, आणि मी एक हात कमरेवर, दुसरा कपाळावर ठेवून समोरचं बेट न्याहाळत होतो, जणू ते मीच शोधून काढलं होतं. डोंगा एकदा डावीकडं कलला, एकदा उजवीकडं, आणि मी बसलो. खरं म्हणजे पडलो, पण पडताना चेहरा बसल्यासारखा ठेवला.

माझ्या मागं एक इंजिनियर होते, पुलासाठी जागा बघायला आलेले. मी आडवा झाल्यावर त्यांना बेट दिसायला लागलं, तसे तेही मोबाइल काढून उभे राहिले. मी खूश झालो. म्हटलं, आता यांची बारी. डोंगेवाल्यानं वल्हं पाण्यात तसंच धरलं, त्यांच्याकडं पाहिलं, आणि ताकासारख्या थंड आवाजात म्हणाला, "बसून घ्या, साहेब."

मला असा राग आला की नदीचं पाणी माझ्या बाजूनं जरा गरम झालं असेल. चिंचघाटच्या शाळेत रुजू होऊन मला आठवडा झाला होता. गावातली पिकली पानंसुद्धा मला 'गुरुजी' म्हणत, प्रत्येक वाक्याला 'जी' लावत. आणि हा उघडा, काळा, उन्हात वाळवलेल्या मासळीसारखा माणूस त्या इंजिनियरला साहेब म्हणतो आणि मला बे.

हा कवडूभाऊ. अहेरीपासून खाली, चिंचघाटच्या ढिवरमोहल्ल्यातला, म्हणजे डोंगा हाकणाऱ्या, मासे धरणाऱ्या लोकांतला. त्या दिवशी मान कोणाला मिळाला आणि अपमान कोणाचा झाला, हे कळायला मला पुरतं एक वर्ष लागलं.

कवडूभाऊच्या हिशेबी जगात दोनच जातीची माणसं होती. एकदा त्यानंच मला समजावलं. "ज्याच्यावर वरडाव, तो आपला. जो बुडला तरी आपल्याले काई वाटनार नाई, त्याले साहेब म्हनाव." या नियमानं त्याची बायको, त्याचा डोंगा, सरपंच, गावचा पोळ आणि मी, असे आम्ही सगळे एका ओळीत होतो. दिवसातून चारदा शिव्या खायचो आणि सुखात होतो.

साहेब होणं म्हणजे काय, हे त्याच्या जावयाला विचारा. जावई वरच्या अंगाच्या गावचा, तोही ढिवर. एका उन्हाळ्यात त्यानं तारेवर आकडा टाकून नदीत करंट सोडला आणि टोपलंभर मासे मारले, पिल्लांसकट. पोचवायला सासऱ्याकडंच आला. कवडूभाऊनं टोपल्यात पाहिलं. मोहल्ला कान झाकून उभा राहिला. पण कवडूभाऊ म्हणाला, "या साहेब. बसा साहेब. पानी घेता का, साहेब?" सगळा मोहल्ला हादरला. पुढं वर्षभर जावई साहेब. सणाला साहेब, बारशाला साहेब. शेवटी पोरगी वनिता रडत घरी आली. "बाबा, त्याइले शिव्या द्या, दोन मुस्काटात द्या, पन साहेब नोका म्हनू. ते भाकर नाई खाऊन राह्यले."

सुटका कशी झाली तेही ऐका. जावई बिचारा एक दिवस डोंग्यात बसला आणि भर धारेत उभा राहिला. आपण होऊन. बुडीन तं बुडीन म्हणून. डोंगा डगमगला, तसा कवडूभाऊ फुटला, "बस ना बे खाली, भुसकाट्या, मरतं का?" काठावर वनिता उभी होती. बापाची ती शिवी ऐकून ती आनंदानं मटकन रेतीत बसली. त्या दिवशी जावयानं अकरा भाकरी खाल्ल्या. मी मोजल्या, नऊ असतील.

आता खर्ऱ्याचं सांगतो. कवडूभाऊ सुपारी-तंबाखूचा खर्रा सतत खायचा, आणि नदीत कधीच थुंकायचा नाही. हे दोन्ही नियम एकाच वेळी पाळायचे, तर धारेत असताना तोंड बंद ठेवण्यावाचून इलाज नसतो. त्यामुळं काठापासून बेटापर्यंत त्याचा डावा गाल फुगलेला आणि बोलणं फक्त नाकातून. बाहेरगावच्या लोकांना वाटायचं, केवढा गंभीर माणूस. नागपूरच्या एका बाईंनी त्याला विचारलं, "या पाण्यावर तुम्हाला कधी एकटं नाही का वाटत?" तो म्हणाला, "अंहं." त्या अंहंवर बाई बेटावर पोचेपर्यंत डोळे पुसत होत्या.

मग भर धारेत ओरडायचं तर? ओरडायचं तर आधी खर्रा गिळावा लागायचा. अख्खा, तंबाखूसकट. म्हणजे त्या पहिल्या दिवशी, आठवडाभराची ओळखही नसलेल्या माझ्यासाठी या माणसानं तोंडातला खर्रा गिळला होता. संध्याकाळपर्यंत तो घाटावर पोट धरून बसला होता म्हणे.

बेटाचं नाव दोनधारी. नदी तिथं दोन धारांत फाटते, बेटाला मिठी मारते आणि खाली पुन्हा एक होते. लांबी कोसभर. मी लोकांना सात कोस सांगतो. पावसाळ्यात अर्धं बुडतं, दिवाळीनंतर उघडं पडतं, आणि मग मृगापर्यंत त्याच्यासारखी जागा या दोन जिल्ह्यांत नाही. जांभळीची राई, हत्ती बसल्यासारखा एक खडक, अर्जुनाच्या वाळक्या फांद्यांवर पंख वाळत घातलेले पाणकावळे, आणि खालच्या टोकाला रेतीचा पट्टा, इतका पांढरा की दुपारी बघितला तर रात्री जेवताना भात दिसत नाही.

बेट बघायला लोक यायचे आणि कवडूभाऊ त्यांना बेट दाखवायचा. पण साहेबांचं बेट वेगळं, आमचं वेगळं. साहेबांना तो जांभळीच्या एकाच राईभोवती तीन फेऱ्या मारायला लावायचा, प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूनं, आणि शेवटी घाम पुसत म्हणायचा, "झालं जी, समदं बेट पायलं तुमी." एकाच मोहाच्या झाडाच्या त्यानं तीन गोष्टी रचल्या होत्या. पहिल्या फेरीत त्याच्यावर बिबट बसायचा, दुसरीत त्याच्याखाली राजाचा तळ पडलेला असायचा, आणि तिसऱ्या फेरीत ते झाड पाचशे वर्षांचं व्हायचं. साहेबांना पोहायची हौस असली तर कमरेला दोर बांधून गुडघाभर पाण्यात सोडायचा, आणि स्वतः काठावर दोर असा ताणून धरायचा की पाहणाऱ्याला वाटावं, माणूस भोवऱ्यात गेला आहे. लोक परतताना एकमेकांना सांगायचे, थरार होता. मी थापा मारण्यात मुरलेला माणूस, पण हे पाहून मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडलो.

आम्हां 'बे' लोकांसाठी बेटाची मागची बाजू होती. तिथं पाणमांजरांची घसरगुंडी होती, ओल्या मातीची, पोटानं गुळगुळीत केलेली. आणि तो रेतीचा पट्टा. उन्हाळ्यात त्या रेतीवर नदीचे पांढरे पक्षी उघड्यावर अंडी घालतात. अंडी रेतीच्याच रंगाची. पायाखाली आल्याशिवाय दिसत नाहीत आणि पायाखाली आल्यावर उपयोग नाही. आमच्या शाळेतल्या दोघी बाई आणि मी, आम्हाला तो एकदा तिथून घेऊन गेला. स्वतः पुढं. "माह्या पावलात पाऊल टाका. भाईर पडलं तं कोनाचं तरी घर गेलं." आम्ही चौघं बदकांसारखे एका ओळीत. माझं वजन तेव्हा क्विंटलच्या आसपास. श्वाससुद्धा मी त्याच्या मापानं घेतला. वर ते पक्षी किंचाळत डोक्यावर झेपा टाकत होते, आणि कवडूभाऊ त्यांना मान वर न करता सांगत होता, "जाऊन राह्यलो ना बाई, जाऊन राह्यलो. वरडू नोको." म्हणजे तेही त्याचेच होते.

पलीकडं पोचल्यावर तो मागं फिरला आणि करंजीचा एक फाटा घेऊन आमची पावलं पुसत पुन्हा आला. एकेक पाऊल. मी म्हटलं, कशाला एवढं? "माग ठेवला का मागून कोल्हा येते," तो म्हणाला. मग फाटा टाकून म्हणाला, "नाई तं मानूस."

माझ्या थापा त्याला फार आवडायच्या. बाकी गाव हसायचं, हा ऐकायचा. मी सांगितलं, की माझ्या आधीच्या शाळेत एक मगर रोज प्रार्थनेला यायची, शेवटच्या रांगेत पडून राहायची आणि राष्ट्रगीताला शेपटी ताठ करायची. कवडूभाऊनं सगळं ऐकून घेतलं, खर्रा एका गालातून दुसऱ्यात केला आणि काळजीनं विचारलं, "मंग तुयी बदली झाल्यावर तिचा दाखला कोन देल्ला?" मी सांगितलं, की वाघ माझ्यासोबत नदी पोहून आला. त्यानं विचारलं, "कोन दमलं?" असा श्रोता मिळाला तर माणूस खोटं बोलताना जीव ओततो. पाच वर्षं मी ओतला.

इथून पुढं मात्र मी काही वाढवून सांगणार नाही. वाढवायची सवय जात नाही, पण प्रयत्न करतो.

वैशाखातली सकाळ. कवडूभाऊ शाळेत आला. सुट्ट्या लागल्या होत्या, मी एकटाच हजेरीपट बांधत होतो. त्याचे दोन्ही गाल सपाट. मी ते तसे पहिल्यांदाच पाहिले. माणूस अनोळखी दिसत होता. "चाल," म्हणाला, "अन् तोंडात काई टाकू नोको."

बेटाच्या मागच्या अंगाला खडकांची एक खिंड आहे. वाकून जावं लागतं, शेवटी चार हात रांगावं लागतं. पलीकडं जांभळीच्या मुळ्यांखाली एक डोह आहे. माझ्या शाळेच्या अंगणाएवढा. अंगणाएवढाच. नदी आटून मांडीएवढी झाली होती, पण तिथं पाणी हिरवं, खोल आणि गार. कवडूभाऊनं कमरेची पुरचुंडी सोडली. आत तांदळाची कणी होती. तो पाण्याच्या कडेला बसला, उजवा तळवा उघडा केला आणि पाण्यावर तीनदा थापटला. हळू. लेकराला झोपवताना थोपटतात तितकं.

मासे वर आले. रोहू होते, कतला होते, हाताएवढे, मांडीएवढे. पोटं अंड्यांनी भरलेली, हालचाल जड. ते येऊन त्याच्या बोटांना तोंडं लावू लागले. त्यानं माझा हात धरून पाण्यात बुडवला. एक मासा माझ्या तळव्याखालून पाठ घासत गेला. मग वळून पुन्हा आला.

"बाळंतिणीचा डोह," कवडूभाऊ कुजबुजला. "होळी झाली का पह्यल्या पुरापर्यंत इथी ढिवर जाळं नाई टाकत. गळ नाई, काई नाई. माह्या बापानं नाई टाकलं, त्याच्या बापानं नाई टाकलं. उपाशी राह्यले, पन नाई टाकलं." आणि मोहल्ल्यात कोणाच्याही घरी लेकरू झालं, की बाळंतिणीच्या घरची मूठभर कणी या डोहात यायची. पहिला घास इथल्या बाळंतिणींना, मग घरच्या. त्या दिवशी कणी वनिताच्या पहिल्या पोराची होती.

"कोणाकोणाला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"मोहल्ल्यात समद्याइले. भाईरच्या कोनालेच नाई. तू पयला."

"मग मला का दाखवलं?"

तो हसला. सपाट गालांनी हसताना तो फार म्हातारा दिसला. "तुले दाखवाले काई भेव नाई बे. तू गावभर सांगशीन, लोक हासन. तुयावर कोन भरोसा ठेवते?" मग त्यानं उरलेली कणी पाण्यात सोडली. "अन् येवढं फेकतं तू. म्हटलं, याले एक तं खरं पाहू द्याव."

गुपित कोणाकडं ठेवावं, याचा साऱ्या जगानं विचार केला असेल, पण ते गावातल्या सगळ्यात मोठ्या थापाड्याकडं ठेवावं, हे फक्त कवडूभाऊला सुचलं. आणि त्याचं गणित बरोबर होतं. मी दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी काही झालं नसतं.

मग मोहर्लीकडून एक साहेब आले. ताडोब्याच्या बाजूला वाघ बघायला येणाऱ्या लोकांच्या राहण्या-जेवणाचं त्यांचं काम होतं. आता त्यांना नदी हवी होती. तंबू, कयाक, दोरावरून सरकत नदी ओलांडणं, अशी सगळी यादी त्यांच्याकडं होती. सरपंचाला ते हवे होते. गावातली तरणी पोरं कामासाठी हैदराबादला जात होती, त्यांची सोय झाली असती. कवडूभाऊनं साहेबांना दोनधारी दाखवली. म्हणजे जांभळीच्या राईभोवती तीन फेऱ्या.

ग्रामपंचायतीत बैठक बसली. साहेब हुशार निघाले. म्हणाले, "जागा छान आहे, पण पॉइंट नाही. दोन तास माणूस करणार काय? एक खडक, एक झाड. आणि ते झाड मला वाटतं मी तीनदा बघितलं." लोक हसले. साहेबांनी लॅपटॉप मिटला. कवडूभाऊ भिंतीला टेकून बसला होता, गाल फुगवून, डोळे अर्धे मिटून, नुकत्याच जेवलेल्या मांजरासारखा. अजून पाच मिनिटं गेली असती तर साहेबांची गाडी अहेरीच्या रस्त्याला लागली असती.

मला काय झालं ते मी आजवर शंभर जणांना शंभर प्रकारे सांगितलं आहे. गावातल्या तरण्या पोरांसाठी बोललो, असं सांगितलं. बेटाचा अपमान सहन झाला नाही, असं सांगितलं. खरं एवढंच आहे, की मी उठलो आणि म्हणालो, "पॉइंट आहे. मासे हातात येतात."

सगळी बैठक खदखदा हसली. सरपंच म्हणाला, "गुरुजी, गानं बी म्हनते का ते मासे?" कोणी म्हणालं, "मगरीच्या शाळेत शिकले असन." मी म्हणालो, खरंच सांगतो. त्यावर अजून हसले. साहेब नम्रपणे हसले, ते जास्त लागलं. माझा कान तापला. मी म्हणालो, "कवडूभाऊला विचारा."

सगळे त्याच्याकडं वळले. कवडूभाऊनं माझ्याकडं पाहिलं. मग गळ्याचं हाड एकदा खालीवर झालं. त्यानं खर्रा गिळला. नदीत नव्हता, थुंकायला बाहेर सगळं अंगण होतं, तरी गिळला. आणि आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लोकांसमोर खोटं बोलला. "गुरुजी फेकते."

त्यानं दार लावून दिलं होतं. मी फक्त आत उभं राहायचं होतं, हसायचं होतं, "काय करता, सवय आहे" म्हणायचं होतं. मी म्हणालो, "उद्या सकाळी चला. दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, साहेबांनी मागवलेल्या मोटरच्या बोटीतून मी त्यांना नेलं. साहेब, सरपंच आणि आणखी चार जण. रेतीच्या पट्ट्यावरून चालताना मी पुढं होतो. मागं कोण कुठं पाय टाकतंय, पाहिलं नाही. खिंडीतून वाकलो, रांगलो. कणी माझ्याकडं नव्हती, खिशात बिस्किटं होती. मी तळवा उघडा करून पाण्यावर तीनदा थापटला. हळू, जसं पाहिलं होतं तसं.

ते आले. माझ्या हातावर विश्वास ठेवून आले.

साहेब गुडघ्यावर बसले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गुरुजी," ते म्हणाले, "तुम्ही खरं बोलत होता." हे वाक्य मला जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. त्याची चव मला अजून आठवते, आणि ती थुंकता येत नाही. मी त्यांच्याकडून वचन घेतलं: फक्त बघायचं, गळ नाही, जाळं नाही. ते म्हणाले, अर्थात. ते अर्थात इतकं गोड होतं की मी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कवडूभाऊ मला भेटला नाही. मी घाटावर गेलो की डोंगा पलीकडं. मी मोहल्ल्यात गेलो की तो नदीवर. मी वाट बघत होतो की ओरडेल. अख्ख्या गावासमोर ओरडावं, तेलंगणापर्यंत ऐकू जावं, मी शिव्या खाईन. नाही ओरडला. उन्हाळ्यात माझी राजुऱ्याकडं बदली झाली. गावाला मी असंच सांगितलं. अर्ज मीच केला होता.

दोनधारीच्या बातम्या मला कळत राहिल्या. खिंड फोडून वाट रुंद केली. डोहावर लाकडी माची बांधली आणि फलक लावला. आधी पाकिटातलं खाद्य टाकून बघायचं होतं. मग गळ आले. मासा धरा, फोटो काढा, सोडून द्या. माचीवर शिकवायला ठेवलेला पोरगा प्रत्येकाला पहिल्यांदा तीन थापा शिकवायचा. साहेबांचा दोष एवढाच, की ते साहेब होते. माशांनी दोन उन्हाळे त्या थापांवर भरोसा ठेवला. तिसऱ्या उन्हाळ्यात आले ते फाटक्या ओठांचे, आणि मग यायचे बंद झाले. रेतीवर आता तंबू असतात. डोंग्याला सुरक्षिततेसाठी बंदी झाली, आणि कवडूभाऊ त्यांच्याच मोटरच्या बोटीवर लागला. नदी त्याला सोडता येत नव्हती.

मागच्या हिवाळ्यात वनिता मला अहेरीच्या बाजारात भेटली, कडेवर दुसरी पोर. मी पोरीच्या हातात लाडू दिला. वनितानं सांगितलं, ही झाली तेव्हा बाबा पुरचुंडी घेऊन डोहावर गेले. रांगेत उभे राहिले, आपल्याच बोटीतून उतरलेल्या लोकांमागं. माचीवरच्या पोरानं अडवलं: बाहेरचं खाद्य टाकायला मनाई आहे. बाबा पुरचुंडी परत घेऊन आले. "अजून फळीवर हाय," वनिता म्हणाली. "मुंग्या लागल्या."

मग तिनं विचारलं, "बाबा वरडले का तुमच्यावर?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं मेथीची जुडी उचलून पिशवीत घातली आणि पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

त्यानंतर महिन्याभरानं मी दोनधारीला गेलो. रांगेत उभा राहिलो, नारिंगी जाकीट बांधलं, बोटीत बसलो. अंगावर बेटाचं चित्र छापलेला सदरा घालून कवडूभाऊ मागं सुकाणूवर होता. डावा गाल फुगलेला. त्याला पाहून मला इतकं बरं वाटलं, की बाकी सगळं काही काळ विसरलो. त्यानं मला पाहिलं की नाही, कळलं नाही. बोट सुटली.

भर धारेत मी उभा राहिलो. जाणूनबुजून, आणि मोठ्यानं उभा राहिलो, माझं वजन आता क्विंटलच्या वर आहे. बोट कलली. दोन बाया किंचाळल्या, कोणी माझं जाकीट धरलं, कोणी म्हणालं, काका, बसा ना. मी बसलो नाही. तोंड मागं करून म्हणालो, "कवडूभाऊ, मीच सांगितलं. चूक माझी. वरड ना बे माझ्यावर."

त्यानं इंजिन मंद केलं. गाल तसाच फुगलेला. मी त्याच्या गळ्याकडं बघत होतो, ते हाड खालीवर होतं का म्हणून.

कवडूभाऊनं मान वळवली, नदीत थुंकला, आणि म्हणाला, "बसून घ्या, साहेब."